ऑटोफोकसचं कौतुक छापताना पक्षी कुठला तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पक्षी सप्ताहाच्या निमित्ताने आपल्या रविवार पुरवणीत नव्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांवर पानभर लेख आला होता. लेखाची भाषा छान, फोटो त्याहून छान. पण त्यातल्या एका विधानाने माझ्या दुकानात गेले काही दिवस धुमाकूळ घातला आहे. कॅमेरा आता पक्ष्याचा डोळा आपणहून शोधतो, त्यामुळे उडत्या पक्ष्याचा फोटो काढायला बटण दाबण्यापलीकडे काही करावं लागत नाही, अशा आशयाचं ते विधान होतं. शेजारी एक चौकट होती: सेकंदाला किती फ्रेम (म्हणजे फोटो), फोकस पॉइंट (फोकस मोजायच्या जागा) किती, किंमत किती. ती चौकट मोबाइलमध्ये घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि विचारतात, "ताई, यातला कुठला घेऊ?" या प्रश्नाचं उत्तर त्या चौकटीत नाही. का नाही, ते सांगायला हे पत्र. जरा लांबेल, काटछाट करायचा हक्क तुमचा आहेच.

मी बारामतीत कॅमेरे आणि लेन्स भाड्याने देते. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता, तो बंद करण्याऐवजी मी त्याचं हे केलं. वर्षभर गिऱ्हाईक लग्नवाल्यांचं असतं. हिवाळ्यात मात्र पक्ष्यांवाल्यांची भर पडते, कारण उजनी धरणाच्या पाण्याकाठचं भिगवण आमच्यापासून तासाभराच्या आत. उजनी भरलेलं असतं तोवर रोहित (फ्लेमिंगो) फारसे दिसत नाहीत. पाणी उतरून काठ उथळ झाले की कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला त्यांचे थवे येतात, आणि शुक्रवारी संध्याकाळी माझ्याकडच्या लांब लेन्स एकामागून एक बाहेर पडतात. सोमवारी सकाळी त्या परत येतात तेव्हा सोबत ठरलेली तक्रार असते: "लेन्समध्ये काहीतरी फॉल्ट आहे, फोकसच लागत नाही."

तक्रार आली की मी डिपॉझिट परत करायच्या आधी एक विनंती करते. कार्ड द्या, इथेच संगणकावर बघू. बहुतेक जण देतात. त्यामुळे वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या कॅमेऱ्यांनी, त्याच पाण्यावर आणि त्याच पक्ष्यांचे काढलेले फोटो मला बघायला मिळतात, आणि तेही न निवडलेले. मासिकात किंवा स्पर्धेत जातात ते निवडलेले. ऑटोफोकसची, म्हणजे कॅमेऱ्याने आपणहून फोकस लावण्याची, खरी परीक्षा न निवडलेल्या फोटोंत होते.

गेल्या जानेवारीत कृषी महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा असाच आला. बॉडी (नुसता कॅमेरा) त्याची, सेकंडहँड घेतलेली डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेली. लेन्स माझी, १५०-६०० मिलिमीटरची झूम. चेहरा पडलेला. आम्ही फोटो उघडून शंभर टक्के मोठे करून बघायला बसलो. पहिल्या फोटोत रोहित पंख पसरून उतरत होता. मान, चोच, डोळा, सगळं सॉफ्ट. पण त्याच्या अलीकडे, हात-दोन हातांवर, पाण्यावरच्या बारीक लाटा एकेक मोजता याव्यात इतक्या स्पष्ट. म्हणजे फोकस लागला होता, पण पक्ष्याच्या पुढे. ही खरी फोकसची चूक. दुसऱ्या फोटोत कुठेच काही स्पष्ट नव्हतं, ना पक्षी, ना पाणी, आणि उन्हात चमकणारे पाण्यावरचे ठिपके सगळे एकाच दिशेला ओढल्यासारखे लांबट झाले होते. शटर बघितलं तर एक पाचशेअंश सेकंद. सहाशे मिलिमीटरला हातात धरून, होडीत बसून, तेवढं पुरत नाही. इथे ऑटोफोकसचा काही संबंधच नव्हता. तिसरा फोटो अकरा वाजून गेल्यावरचा. पक्ष्याची कड अशी दिसत होती की जणू कुणी बोटाने पुसली आहे, आणि पुढच्या फ्रेममध्ये तीच कड वेगळ्या जागी पुसलेली. त्या उन्हाच्या झळा. थंडीतही पाणी आणि हवा यांच्या तापमानात फरक पडला की लांबच्या लेन्सला त्या दिसतात. प्रतिमाच हलत असेल तर फोकस मोजणारं यंत्र मोजणार काय? तेव्हा लेन्स मागेपुढे करत राहते आणि माणूस म्हणतो, फोकस हंट करतोय.

मुलाच्या दृष्टीने तिन्ही फोटो एकाच रोगाचे होते: कॅमेरा जुना आहे. आणि पहिल्या, खऱ्या चुकीत भर घालणारी एक गोष्ट लेन्सच्या डाव्या बाजूला होती. तिथे एक छोटा स्विच असतो. तो 'फुल'वर ठेवला की लेन्स दोन-तीन मीटरपासून अनंतापर्यंत सगळीकडे शोधते. पक्षी पंधरा-वीस मीटरच्या आत येणारच नसेल तर तो 'दहा मीटर ते अनंत'वर ठेवायचा. मग एकदा पक्षी सुटला तरी लेन्स पार जवळच्या टोकाला जाऊन परत येण्यात वेळ घालवत नाही. त्याचा स्विच 'फुल'वर होता. दुकानातून लेन्स देताना आता मी तो स्वतः सरकवते आणि वर पांढरी चिकटपट्टी लावते.

आता या सगळ्यात मुळात घोडं अडतं कुठे, ते जरा आकड्यांत सांगते. चौकटीत द्यायचेच असतील तर हे आकडे द्या. फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ६०० मिलिमीटर लेन्स, एफ ६.३ (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, तो जितका लहान तितका उजेड जास्त), आणि पक्षी २० मीटरवर. अशा वेळी फोटोत जेवढी खोली स्पष्ट येते ती साधारण ४० सेंटिमीटर. क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सरवर त्याहून कमी, फूटभर धरा. मोठ्या रोहिताचे पंख टोकापासून टोकापर्यंत दीड मीटरच्या आसपास भरतात. म्हणजे तो तिरका उडत असेल तर एका पंखाचं टोक आणि डोळा दोन्ही स्पष्ट येणं शक्यच नाही, डोळा सांभाळायचा. आता तो आपल्याकडे येतोय असं समजा, ताशी ४० किलोमीटरने. म्हणजे सेकंदाला ११ मीटर. सेकंदाला १० फ्रेम काढणाऱ्या कॅमेऱ्यात एका फोटोपासून दुसऱ्या फोटोपर्यंत तो हातभराच्या स्पष्ट पट्ट्यातून निघून एक मीटरहून अधिक पुढे आलेला असतो. प्रत्येक फ्रेमला फोकस नव्याने लागावा लागतो. आडवा जाणारा पक्षी याच्या पासंगालाही नाही, कारण त्याचं अंतर फारसं बदलत नाही. म्हणून "माझ्या कॅमेऱ्याने बगळ्याचे सगळे फोटो शार्प आले" असं कुणी सांगितलं की मी आधी विचारते, आडवा होता की अंगावर येणारा?

जुन्या डीएसएलआरमध्ये हे काम कसं व्हायचं ते बघण्यासारखं आहे, कारण त्यातून बऱ्याच तक्रारी समजतात. लेन्समधून आलेला बराचसा उजेड आरशावरून व्ह्यूफाइंडरला जायचा. आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक. त्यातून पलीकडे गेलेला उजेड मागच्या छोट्या आरशावरून खाली, कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या फोकस मॉड्यूलवर. तिथे लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या उजेडाची तुलना होते. दोन प्रतिमा जुळल्या तर फोकस बरोबर; सरकलेल्या असतील तर किती आणि कुठल्या दिशेला, ते त्या सरकण्यावरून कळतं. म्हणूनच ही पद्धत इतकी चपळ. पण फोटो निघताना आरसा वर उचललेला असतो, तेवढा वेळ मॉड्यूलला काहीच दिसत नाही. म्हणून कॅमेरा अंदाज करतो. सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक चेंडू आत्ता कुठे आहे तिकडे धावत नाही, तो कुठे पडणार तिकडे धावतो, तसंच. पक्षी सरळ येत असेल तर अंदाज बरोबर ठरतो. भिंगरी किंवा वेडा राघू मध्येच वळला की चुकतो.

यात आणखी एक भानगड. फोकस मोजणारी जागा वेगळी आणि फोटो उमटणारी वेगळी. दोघांत केसभर फरक पडला की प्रत्येक फोटोत फोकस थोडा मागे किंवा पुढे. त्यासाठी कॅमेऱ्यात फाइन ट्यूनची सोय दिलेली असते, पण ती वापरलेली मला क्वचितच दिसते. आणि बहुतेक फोकस पॉइंट एफ ५.६ पर्यंतच नीट चालायचे. एफ ५.६ च्या लेन्सला १.४ चा टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारं जोडभिंग) लावला की ती एफ ८ होते, आणि मग मधले मोजके पॉइंट सोडून बाकीचे झोपतात. लोक कन्व्हर्टर मागायला आले की मी बॉडी कुठली ते आधी विचारते.

सेन्सरवरच फोकस मोजणारे मिररलेस आले आणि यातल्या कितीतरी अडचणी मुळातूनच गेल्या, हे मी मोकळेपणाने मान्य करते. आरसा नाही, त्यामुळे आंधळेपणा नाही. मोजण्याची जागा आणि फोटोची जागा एकच. पॉइंट जवळजवळ अख्ख्या चौकटीभर. १९८५ साली मिनोल्टाच्या ७००० ने बॉडीत ऑटोफोकस असलेला एसएलआर बाजारात रुजवला. तिथपासून २०१६ च्या निकॉन डी५०० च्या १५३ पॉइंटांपर्यंत सगळी प्रगती 'कुठे बघू' हे माणसाने सांगायचं आणि यंत्राने मोजायचं, याच वाटेवरची होती. गेल्या काही वर्षांत वाट बदलली. २०२० च्या कॅनन आर५ मध्ये आणि २०२१ च्या सोनी ए१ मध्ये कॅमेरा पक्षी ओळखू लागला, डोळा शोधू लागला. भिगवणच्या पाण्यावर, मागे मोकळं आकाश आणि पक्ष्याच्या तोंडावर उन्हं, अशा वेळी रोहिताच्या डोळ्यावर तो चौकोन जो चिकटतो तो खरोखर सुटत नाही. हे बघून मला आनंद होतो. जो माणूस हात थरथरतो म्हणून फोटो काढणं सोडून बसला होता, त्याला या वयात उडत्या चित्रबलाकाचा स्पष्ट फोटो मिळताना मी पाहिलं आहे.

पण मागे आकाश नसतं तेव्हा काय होतं, ते लेखात नव्हतं.

काठाच्या पाणकणसावरून सकाळी दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी फिरतो. फार उंच नाही, कणसांच्या वर दोन-तीन फूट, पंख इंग्रजी व्हीसारखे धरून, मान खाली. दुकानातला सगळ्यात महाग मिररलेस घेऊन मी त्याच्यावर होते. तो क्षितिजाच्या वर होता तोवर डोळ्यावर चौकोन पक्का. मग तो एका बाजूला कलला आणि कणसांच्या रेषेखाली आला. त्याचा तपकिरी रंग आणि वाळल्या पात्यांचा रंग एकच. चौकोन आधी डोळ्यावरून अंगावर आला, मग मोठा झाला, मग थरथरला आणि मागच्या पात्यांवर जाऊन बसला. आणि तिथेच राहिला. भोवत्या पुढे निघून गेला तरी कॅमेऱ्याला पाती सोडवेनात. याला कारण आहे. बहुतेक मिररलेसच्या सेन्सरवर फोकस मोजणाऱ्या जोड्या आडव्या दिशेने तुलना करतात, त्यामुळे उभ्या रेषा त्यांना उत्तम दिसतात. पाणकणसाचं बेट म्हणजे उभ्या रेषांचा गठ्ठा! भोवत्याचे पंख समोरून बघितले तर एक आडवी रेघ. यंत्राला सोपं काय वाटणार? याला उपाय असतो. बटणावरचं बोट उचलायचं, पक्षी पुन्हा चौकटीत मधोमध आणायचा, अख्ख्या चौकटीऐवजी छोटं क्षेत्र निवडायचं, आणि पुन्हा दाबायचं. शक्य असेल तर तो पुन्हा आकाशावर येईपर्यंत थांबायचं, कारण भोवत्या परत येतो, तीच फेरी पुन्हा मारतो. पण हे सगळं माणसाने करायचं आहे, बटण दाबण्यापलीकडचं.

असंच थव्याचं. शंभर रोहित एकत्र उठले की डोळे शंभर, आणि चौकोन या मानेवरून त्या मानेवर उड्या मारतो. पाणकावळ्याचं आणि कोतवालाचं वेगळंच: काळ्या डोक्यात गडद डोळा, कॅमेऱ्याला तो लवकर सापडत नाही. पक्षी चौकटीत अगदी लहान असेल तर ओळखणंच होत नाही, आणि नवशिक्याचा पक्षी सुरुवातीला नेहमी लहानच असतो. भिंगरीबद्दल तर मी कुणाला काही वचनच देत नाही. उलट कवड्या धीवर पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो, तेव्हा पाच वर्षांपूर्वीची डीएसएलआरसुद्धा त्याच्यावर बसते. सरावाला मी सगळ्यांना तोच सुचवते, नाहीतर नदी सुरय. तो पाण्यावरून एका ठरावीक रस्त्याने येतो-जातो, त्याला न घाबरवता दहा वेळा प्रयत्न करता येतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की उडत्या पक्ष्यावर ऑटोफोकस कसा चालतो हे छापताना पक्षी कुठला, अंतर किती, मागे आकाश की झाडी की पाणी, आडवा की अंगावर, हे छापा. लेन्स तर छापाच. एफ ४ ची ६०० मिलिमीटर लेन्स एफ ६.३ च्या झूमपेक्षा जवळजवळ अडीचपट उजेड आत घेते. सकाळच्या धुक्यात फोकसला तो फरक लगेच जाणवतो. परीक्षण त्या महागड्या लेन्सवर करायचं आणि वाचकाने झूम घ्यायचा, यात वाचकाची फसगत होते. सेकंदाला ३० फ्रेम असं चौकटीत होतं. पण सोनीच्या बॉडीवर दुसऱ्या कंपनीची लेन्स लावली तर ती मर्यादा १५ वर येते, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची ऐपत नेमकी त्या दुसऱ्या कंपनीच्या लेन्सपुरतीच असते. कॅमेऱ्याची फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) कुठली होती तेही सांगा. निकॉनचा झेड९ आला २०२१ मध्ये, पण त्यात पक्ष्यांसाठीचा वेगळा पर्याय आला २०२३ च्या अपडेटने. झेड८ ला तो त्यानंतर मिळाला. त्याआधीचं आणि नंतरचं परीक्षण म्हणजे दोन वेगळ्या कॅमेऱ्यांचं परीक्षण. आणि फोटो किती शार्प आले ते सांगायचं तर सलग काढलेल्या फ्रेमपैकी डोळा किती फ्रेममध्ये स्पष्ट आहे, मोठं करून बघून, असं सांगा. "कामगिरी प्रभावी आहे" यातून कुणाला काय समजणार?

हे मी इतकं लावून का धरते आहे, तर त्या मुलासाठी. घरी डाळिंबाची बाग, त्यात तेल्या रोगाने दोन हंगाम गेलेले, आणि तो तीन वर्षांच्या हप्त्यांवर कॅमेरा घ्यायला निघाला होता. वडिलांना सांगितलं होतं की यातून कमाई होईल. मी त्याला तिथेच थांबवलं. शटर एक दोन हजारांशच्या खाली जाऊ द्यायचं नाही, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवायला घाबरायचं नाही, फोकस शटरचं बटण सोडून मागच्या एएफ-ऑन बटणावर घ्यायचा, पक्षी सापडेपर्यंत झूम ३०० वर ठेवायचा आणि सापडला की वाढवायचा. त्याच जुन्या बॉडीवर पुढच्या आठवड्यात त्याने आणलेल्या फोटोंत अंगावर येणारा एक कुरव होता, तपकिरी डोक्याचा, डोळ्यातल्या प्रकाशाच्या ठिपक्यासकट. सगळेच चांगले आले होते असं नाही. बरेच वाया गेले होते. नव्या कॅमेऱ्यात त्यापैकी आणखी निघाले असते, नक्की निघाले असते. पण ते 'आणखी' काही लाखांचं आहे की नाही, हे त्याने आता डोळे उघडे ठेवून ठरवावं. वडिलांच्या काळी लोक घड्याळ, रेडिओ घ्यायच्या आधी चार जणांना विचारायचे. आता ते तुमची पुरवणी वाचतात. ती जबाबदारी मोठी आहे.

आता एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त टोचते. फ्लाइट शॉट हवा म्हणून बसलेला थवा उठवायचा, हे भिगवणला सर्रास चालतं. नावाड्याला जास्तीचे पैसे देऊ करायचे, होडी थव्यात घालायला लावायची, टाळ्या वाजवायच्या. कितीतरी नावाडी ऐकत नाहीत, पक्षी त्यांच्या पोटाचा आहे हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. पण रविवारी पाचवा गिऱ्हाईक तेच मागतो तेव्हा नाही म्हणणं अवघड होतं. रोहित उथळ पाण्यात मान उलटी घालून तासन्‌तास गाळून खातो. त्याचं खाणंच असं आहे की त्याला निवांतपणा लागतो. पट्टकादंब हिमालय ओलांडून आलेले असतात. त्यांना एका फोटोसाठी दिवसातून दहादा उठवायचं?

या वागण्याला पूर्वी एक सबब मिळायची: पक्षी कधी उठेल सांगता येत नाही, आणि अचानक उठला तर फोकस लागत नाही, म्हणून आपणच वेळ ठरवून उठवायचा. नव्या कॅमेऱ्यांनी ही सबब उरू दिलेली नाही. अनेकांत आता बटण दाबायच्या आधीच्या क्षणाचे फ्रेमही साठवायची सोय आहे. खंड्या फांदीवर बसलेला असताना बटण अर्धं दाबून धरायचं. तो उडाल्यावर पूर्ण दाबलं तरी उडण्याच्या आधीचा क्षण हाती येतो. आणि हे ज्यात नाही त्यालाही वारा वाचता येतो. पाणपक्षी वाऱ्याच्या तोंडावर धावून उठतात आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरतात. वारा पाठीवर घेऊन थांबलं की पक्षी आपोआप आपल्या दिशेने येतो, आणि सकाळी सूर्यही पाठीशी असेल तर जुन्या कॅमेऱ्याचा फोकससुद्धा चटकन लागतो. पक्षी सुटायच्या आधी मान ताठ करतो, अंग आखडतो, शिकारी पक्षी बहुधा शिटतो. हे दिसलं की तयार राहायचं. एवढं शिकायला पैसे पडत नाहीत.

आपल्या लेखासोबत मधोमध जो मोठा फोटो होता, आख्खा थवा एकाच वेळी, एकाच दिशेला, होडीपासून दूर पळताना, तो फोटो कसा काढला गेला ते मला ठाऊक नाही, आणि काढणाऱ्यावर मी आरोप करत नाही. पण असा फोटो पुरवणीच्या मधोमध छापला की पुढच्या रविवारी तोच मागायला लोक येतात, हे मला काउंटरवर दिसतं. निदान पुढच्या पक्षी सप्ताहाच्या छायाचित्र स्पर्धेत तरी एक रकाना ठेवा: पक्षी कुठे उभं राहून टिपला, होडीतून की काठावरून, आणि तो आपणहून उडाला की उडवला. खोटं लिहिणारे लिहितील. पण प्रश्न विचारला गेला की नव्याने शिकणाऱ्याला तो प्रश्न असतो हे तरी कळेल.

आणि आपल्या लेखकमहोदयांना एक निमंत्रण. डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत, पाणी उतरल्यावर, त्यांनी बारामतीला यावं. दुकानातली जुनी डी५००, एक मिररलेस आणि दोन झूम मी त्यांना दोन दिवसांसाठी देते. भाडं घेणार नाही. एक दिवस मोकळ्या आकाशावर रोहित, दुसऱ्या दिवशी पाणकणसावर भोवत्या. दोन्ही दिवसांचे सगळे फोटो, एकही न पुसता, इथेच संगणकावर उघडून बघू, आणि त्यातून जे निघेल ते त्यांनी छापावं. नावाडी मी ठरवून ठेवते. तो थव्यात होडी घालत नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
बारामती
(कृपया नाव छापू नये.)